गर्भाशयापासून पाळण्यापर्यंत : नवजात बाळाचे वर्तन कसे घडते

या अहवालातील जमाखर्चाच्या पत्रकात नवजात शिशू कक्षाच्या सदरात काही वेगळ्या नोंदी आढळतील. मागे कलणाऱ्या आरामखुर्च्या, खिडक्यांचे जाड पडदे, सुती कापडाच्या झोळ्या आणि दारांच्या कडांना बसविलेले रबर. अंदाजपत्रकाच्या सभेत एका ज्येष्ठ विश्वस्तांनी याविषयी विचारणा केली होती, "एवढ्या पैशांत आणखी एक यंत्र आले असते. खुर्च्या कोणासाठी?" प्रश्न रास्त होता. दात्यांच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागणे हे विश्वस्तांचे कर्तव्यच आहे. सभेत आम्ही दोन वाक्यांत उत्तर दिले आणि ते अपुरे होते, हे आम्हांस मान्य आहे. पुरे उत्तर द्यावयाचे तर बाळाच्या जन्माच्याही बरेच मागे जावे लागते. म्हणून हा लेख.

मूल म्हणजे मातीचा गोळा, त्याला आकार जन्मानंतर द्यावयाचा, अशी आपली एक जुनी समजूत आहे. वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ याहून फार वेगळे मानत नव्हते. गर्भ आत काय करतो हे पाहण्याचे साधनच नव्हते. ध्वनिलहरींच्या साहाय्याने हलती चित्रे दाखविणारी सोनोग्राफी आली आणि चित्र पालटले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे डे व्रीस, व्हिसर आणि प्रेख्टल या संशोधकांनी निरोगी गर्भांचे तासन्‌तास निरीक्षण करून १९८२ साली जे प्रसिद्ध केले, ते आजही वाचताना नवल वाटते. शेवटच्या मासिक पाळीपासून मोजल्यास साडेसात ते आठ आठवड्यांच्या सुमारास, म्हणजे लांबी दोन सेंटिमीटरही नसताना, गर्भ हलू लागतो. नवव्या आठवड्याच्या आगेमागे उचकी येते. दहाव्या-अकराव्या आठवड्यात छाती श्वास घेतल्यासारखी हलू लागते. त्यानंतर लवकरच जांभई, हात तोंडाकडे नेणे, चोखणे, गिळणे सुरू होते. पंधराव्या आठवड्यापर्यंत, बहुतेक मातांना पोटातील हालचाल कळलेलीही नसते तेव्हा, पूर्ण दिवसांच्या बाळात दिसणाऱ्या बहुतेक सर्व हालचाली गर्भात दिसून येतात.

यातील मर्म असे की, ही हालचाल कोणी ढोसले म्हणून होत नाही. कोंबडीच्या अंड्यातील पिलांवर अमेरिकेत काम करणाऱ्या व्हिक्टर हँबर्गर यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले होते की, स्पर्शाची संवेदना मज्जारज्जूपर्यंत पोहोचविणारे मार्ग तयार होण्याच्या कित्येक दिवस आधीच पिलू हलू लागते. मज्जासंस्था आपल्या आपण चेतते आणि शरीर हलविते. पुढे हीच हालचाल शरीर घडविते. सांधे मोकळे राहतात ते हातपाय हलल्यामुळे. हवा नसतानाही छातीचा भाता चालतो, म्हणून फुप्फुसे वाढतात. तो चालला नाही तर ती खुरटी राहतात. पूर्ण दिवस भरत आलेला गर्भ दिवसाकाठी अर्धा लिटरहून अधिक गर्भजल गिळतो. जन्मल्याबरोबर बाळ श्वास घेते, चोखते, गिळते, हा चमत्कार नव्हे. सहा महिन्यांहून अधिक काळ चाललेल्या सरावाचा तो पुढचा दिवस असतो.

येथे थोडे विषयांतर करून मातांच्या कुटुंबीयांस एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण अठराव्या ते विसाव्या आठवड्यात जाणवते. पुढील खेपेस ती थोडी आधी कळते. सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील आमच्याकडे येणाऱ्या कित्येक भगिनी रोवणीच्या दिवसांत सातव्या-आठव्या महिन्यातही बांधीत वाकून उभ्या असतात. दिवसभराच्या कष्टात पोटातील हालचालीकडे लक्ष जाणार कधी? "दिवस भरत आले की लेकरू निजून राहते," असे घरातील वडीलधाऱ्या बायकाही सांगतात. हे खरे नाही. जागा कमी पडू लागल्याने हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी कूस बदलल्यासारखे वाटते. परंतु बाळ हलेनासे होत नाही. नेहमीपेक्षा हालचाल स्पष्टपणे कमी झाली, तर उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी तपासणीस यावे. गर्भाचे वर्तन ही केवळ कुतूहलाची बाब नाही. बाहेरच्यांना कळू शकेल अशी त्याची तेवढीच भाषा आहे.

आता ऐकण्याविषयी. पोटातील बाळाने ऐकले म्हटले की आपल्याला अभिमन्यू आठवतो. सुभद्रेच्या उदरात त्याने चक्रव्यूहाचा भेद ऐकला, पण तिला झोप लागल्याने बाहेर पडण्याची युक्ती ऐकावयाची राहिली, ही कथा घराघरांत ठाऊक आहे. शास्त्राला या कथेचा अर्धा भाग मान्य आहे. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून गर्भ आवाजाला प्रतिसाद देऊ लागतो. बाहेरचे शब्द त्याच्यापर्यंत स्पष्ट पोहोचत नाहीत; भिंतीपलीकडचे बोलणे ऐकू यावे तसे चढउतार आणि लय तेवढी पोहोचते. आईचा आवाज मात्र तिच्या शरीरातूनच येत असल्याने इतर आवाजांहून ठळक असतो. अँथनी डीकास्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली तीन दिवसांहूनही लहान बाळांच्या तोंडी चोखणी देऊन एक प्रयोग केला. चोखण्याची लय बदलली की आईचा आवाज ऐकू येई, नाहीतर दुसऱ्या स्त्रीचा. बाळांनी आईचा आवाज मिळेल अशी लय धरली. जर्मन आणि फ्रेंच घरांतील नवजात बाळांच्या रडण्याचा चढउतारदेखील वेगवेगळा, आपापल्या भाषेच्या वळणाचा असतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. तेव्हा बाळ भाषेची चाल ऐकून येते. व्यूहाचा अर्थ नव्हे. गर्भसंस्काराच्या नावाखाली अलीकडे महागडे वर्ग, ध्वनिफिती आणि पोटाला लावण्याची यंत्रे विकली जातात. त्यांनी बुद्धिमत्ता वाढते, याला पुरावा नाही. आईने घरात बोलावे, गुणगुणावे, दोन वेळ पोटभर जेवावे आणि विसावा घ्यावा. पैसे खर्चावयाचे असतील तर डाळ, अंडी, पालेभाजी यांवर खर्चावेत.

मग हे सारे 'उपजत' म्हणावे की 'शिकलेले'? या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर पक्ष्यांकडून मिळते. सौंदडच्या परिसरातील वाचकांना सारस सांगावयास नको. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात उरला आहे. धानाच्या बांधीत वा तलावाकाठी अंड्यातून निघालेले त्याचे पिलू लवकरच आईबापांच्या मागे चालू लागते. कोणी शिकविले? बदकाचे पिलूही असेच आईच्या हाकेमागे धावते, आणि ते पूर्णतः उपजत आहे असे सर्वजण मानीत. गिल्बर्ट गॉटलीब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहावयाचे ठरविले. बदकाचे पिलू कवच फुटण्यापूर्वी आतच बारीक आवाज काढू लागते. त्यांनी काही पिलांचा आवाज अंड्यात असतानाच तात्पुरता बंद केला आणि भावंडांचा आवाजही त्यांच्या कानी पडू दिला नाही. ही पिले बाहेर आल्यावर त्यांना बदकीची हाक आणि कोंबडीची हाक यांतील फरक कळेना. स्वतःचाच इवलासा आवाज ऐकणे हे आईला ओळखण्याच्या तयारीचा भाग होते! जे उपजत वाटते त्यालाही जन्माआधीच्या अनुभवाची जोड लागते आणि तो अनुभव निसर्ग इतक्या सहज पुरवितो की आपल्या लक्षातही येत नाही. तो हिरावला गेला, म्हणजे मगच कळते.

माणसाच्या बाळाच्या बाबतीत हा धागा जन्मक्षणी तुटू न देणे, हेच प्रसूतिगृहाचे काम. जन्मल्याबरोबर निरोगी बाळाला पुसून आईच्या उघड्या पोटावर पालथे ठेवले, तर ते काही वेळ शांत पडून राहते, मग हात तोंडाकडे नेते, पाय रेटते आणि हळूहळू सरकत स्तनापर्यंत पोहोचते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९८७ साली याचे प्रथम वर्णन केले. २००७ साली युनिसेफ व स्तनपानाचा प्रसार करणाऱ्या संघटनेची महाराष्ट्र शाखा यांनी याच विषयावर केलेली चित्रफीत पुढे जगभर दाखविली गेली. बाळाला वाट दाखवितो तो वास. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला, दुसरा तसाच ठेवला. ३० पैकी २२ बाळांनी न धुतलेला स्तन निवडला. आईच्या अंगाला आणि बाळाच्या हाताला येणारा वास त्याच्या नऊ महिन्यांच्या घराशी जुळणारा असतो. म्हणून आमच्या परिचारिका बाळाचे अंग पुसतात, हात पुसत नाहीत. आणि म्हणूनच पहिले चोवीस तास आंघोळ घालू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अंगाची ऊब टिकणे हे त्यामागील दुसरे, तितकेच मोठे कारण. मधाचे बोट, गूळपाणी, चीक पिळून टाकणे, हे सारे बाळाची ही वाट अडविणारे आहे. आजीबाईंना हे सांगणे आम्हांस नेहमीच साधते असे नाही. परंतु बाळ स्वतः सरकत स्तनाशी पोहोचलेले एकदा त्यांनी डोळ्यांनी पाहिले की बोलावे लागत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मात्र तसे नसते, आणि त्यांच्यासाठीच तर या खुर्च्या.

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेले बाळ चोखू शकते, गिळूही शकते. परंतु चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. तोवर त्याला नळीने अथवा वाटी-चमच्याने आईचेच दूध द्यावे लागते. जी तालीम पाण्यात, अंधारात, उबेत, आईच्या हृदयाच्या ठोक्यांच्या साथीने व्हावयाची, ती आता काचेच्या पेटीत, दिव्याखाली, यंत्रांच्या भोंग्यांत पुरी व्हावयाची असते. अशा कक्षातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९७ साली केली. साधे बोलणेसुद्धा याहून मोठे असते. आपटणारे दार, खाली पडणारा ट्रे, महामार्गावरील ट्रकचा भोंगा, या प्रत्येकाने बाळ दचकते आणि कधीकधी त्याचा श्वासही क्षणभर अडखळतो. पडद्यांचे आणि दारांच्या रबराचे कारण हे. रात्री दिवे मंद करण्याचेही तेच. या बाळांचा बहुतेक काळ झोपेत जातो, आणि ज्या झोपेत बंद पापण्यांखाली डोळे फिरतात, ओठ हलतात, हसू उमटते, ती झोप वाढत्या मेंदूच्या कामाची असते. सटवाई हसविते असे आपण ज्या हसण्याला म्हणतो ते हेच. ते कोणाकडे पाहून केलेले नसते. आपल्याकडे पाहून केलेले पहिले हसू साधारण सहाव्या आठवड्यात येते; अपुऱ्या दिवसांच्या बाळाने मात्र जितके आठवडे लवकर येण्याची घाई केली, तितके त्यात मिळवावे लागतात. "शेजारच्या बाळाहून आमचे मागे का?" या मातांच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा एवढेच असते.

उबेसाठी पेटी आहे, पण पेटीला हृदय नाही. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८-७९ च्या सुमारास पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉ. एडगर रे आणि डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून बांधण्यास प्रारंभ केला. हीच कांगारू मातृसेवा. गरिबांचा तात्पुरता उपाय म्हणून कित्येक वर्षे तिच्याकडे पाहिले गेले, आणि बाळ स्थिर झाल्यावरच ती द्यावी असा दंडक होता. २०२१ साली पाच देशांतील रुग्णालयांत, ज्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते, केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतील बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवले, तर २८ दिवसांच्या आत शंभरातील १२ दगावली. आधी पेटीत ठेवून स्थिर झाल्यावर आईकडे दिलेल्यांत हे प्रमाण १५.७ होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. लगेच प्रारंभ करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली. दिवसाकाठी आठ तासांहून अधिक वेळ बाळ छातीशी धरून बसावयाचे, तर लोखंडी स्टुलावर, बाळंतपणाचे टाके असताना, ते कोणा मातेला शक्य होईल? यंत्राची गरज आहेच, ती आम्ही नाकारीत नाही. परंतु या एका यंत्राचा खर्च खुर्ची आणि झोळी एवढाच आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

राहिला एक प्रसंग. गेल्या पावसाळ्यात एक बाळंतीण पाचव्या दिवशी टाके दाखविण्यास आली होती. बाळ आजीच्या कुशीत होते. परिचारिकेने सहज विचारले, "बाळ कसे आहे?" आजी कौतुकाने म्हणाल्या, "लय शांत हाये जी. कालपासून रडत नाही का दूध मागत नाही. काहीच तरास नाही." परिचारिकेने तेथेच बाळ हातात घेतले. अंग गार, हातपाय सैल. बाळाला जंतुसंसर्ग झाला होता. उपचार वेळेत झाले आणि बाळ बरे होऊन घरी गेले. आजींचा यात काही दोष नव्हता. शांत मुलाला गुणी म्हणावयास आपणच तर त्यांना शिकविले आहे.

हे शांतपण कसे वाचावे, हे आपल्या शेजारच्याच जिल्ह्याने देशाला दाखवून दिले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतील स्त्रियांना घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. यातील बहुतेकींचे शालेय शिक्षण जेमतेम होते. रक्ततपासणीची सोय गावात नव्हती, म्हणून त्यांना बाळाचे वर्तन पाहावयास शिकविले गेले. आधी नीट रडत होते, आता रडणे क्षीण झाले वा थांबले. आधी चोखत होते, आता चोखेना. आधी जागे होई, आता मलूल पडून राहते. यांच्यासोबत अंग गार वा तापलेले, पू, उलट्या किंवा पोटफुगी, छातीचे आत ओढले जाणे किंवा कण्हणे. अशा सात लक्षणांतील कोणतीही दोन एकत्र दिसली की संसर्ग समजून उपचार सुरू करावयाचे. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचा मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला, असा अहवाल 'लॅन्सेट' या नियतकालिकात डिसेंबर १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. आज आशा कार्यकर्त्या बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्या २०११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेमागे हा अनुभव आहे. 'आधी आणि आता' हे दोन शब्द त्यात महत्त्वाचे. आधी कसे होते हे डॉक्टरला ठाऊक नसते. ते ज्याने बाळाला दिवसरात्र उराशी धरले आहे, त्यालाच ठाऊक असते.

त्या प्रसंगानंतर आम्ही घरी सोडण्याच्या कार्डावरील मजकूर बदलला. पूर्वी तेथे फक्त वजन, लसी आणि पुढील तारीख असे. आता आईला, आणि शक्य तेथे आजीला व वडिलांना समोर बसवून, त्यांचे बाळ किती वेळा दूध घेते, कसे रडते, जागे असताना हातपाय कसे हलविते, हे त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतले जाते. खाली ठळक अक्षरांत छापले आहे : यात बदल झाल्यास, विशेषतः बाळ अचानक फार शांत झाल्यास, दिवस असो वा रात्र, लगेच यावे.

खुर्च्यांविषयी एक सांगावयाचे राहिले. आता वडीलही त्यांवर बसू लागले आहेत. पहिल्यांदा लाजतात, सदरा काढावयास तयार होत नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सांगावे लागत नाही. परिणामी रात्री खुर्च्या अपुऱ्या पडतात आणि एकास उठवून दुसऱ्यास बसवावे लागते. पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात आणखी दोन खुर्च्यांची तरतूद सुचविली आहे.